उरःपट : वस्त्र, चिन्ह आणि टाचणी

अठराव्या शतकातील युरोपीय साहित्यातील स्त्रीवेशाच्या वर्णनांकडे समीक्षा बहुधा प्रतिष्ठेचे वा मोहाचे प्रतीक म्हणून पाहते. या दृष्टीची मर्यादा 'स्टमकर' या वस्त्रखंडाच्या इतिहासातून ध्यानात येते.

स्टमकर, म्हणजे उरःपट, हा गाऊनच्या पुढील उघड्या भागात बसवावयाचा, कमरेकडे निमुळता होत जाणारा त्रिकोणी तुकडा. पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात पुरुषही तो वापरीत. पुढे तो स्त्रीवेशाचाच भाग झाला. शेक्सपिअरच्या 'द विंटर्स टेल'मधील फिरस्ता विक्रेता ऑटोलिकस याच्या मालात तो आहे. प्रियकराने प्रेयसीला द्यावा असा सुटा जिन्नस म्हणून तो तेथे येतो.

अठराव्या शतकात त्यावर रेशमाचे व जरीचे भरतकाम असे, किंवा खाली लहान होत जाणाऱ्या फितींच्या फुलांची रांग. या रांगेला फ्रेंचमध्ये 'एशेल', म्हणजे शिडी, म्हणत. फ्रांस्वा बूशे याने १७५६ मध्ये रंगविलेल्या मादाम द पाँपादूरच्या चित्रात ही गुलाबी शिडी आणि हातातील उघडे पुस्तक एकाच वेळी नजरेत भरतात. वैभव आणि विद्वत्ता यांचा मेळ येथे चित्रकार घालतो.

चित्रात दिसत नाहीत त्या टाचण्या. उरःपट आतल्या ताठ काचोळीला आणि गाऊनच्या कडा उरःपटाला बहुधा टाचण्यांनीच जोडल्या जात. अखंड भासणारा देह-वेश अशा रीतीने रोज नव्याने जुळवावा लागे. अॅडम स्मिथने १७७६ मध्ये श्रमविभागणीचे उदाहरण म्हणून टाचणीचाच कारखाना निवडला : सुमारे अठरा क्रिया, दहा माणसे, दिवसाला ४८,००० टाचण्या. दिवाणखान्यातील शोभा आणि कारखान्यातील श्रम यांचा सांधा या क्षुद्र वस्तूत आहे.

रोलाँ बार्थ याने १९६७ च्या 'सिस्तेम द ला मोद'मध्ये नियतकालिकांतील 'लिहिलेल्या' वस्त्राची चिन्हव्यवस्था उलगडली. ती पद्धती मोलाची खरी. परंतु तिच्या कक्षेत शब्दांकित वस्त्र येते, ते जुळवणारा हात येत नाही. साहित्यातील वेशवर्णन केवळ चिन्ह म्हणून वाचणारी समीक्षाही हीच उणीव पुढे चालविते.

१७७० नंतर पुढे कडेला कड जुळणाऱ्या गाऊनची चाल पडली आणि दैनंदिन वेशातून उरःपट मागे पडला. संग्रहालयांत उरलेल्या नमुन्यांच्या कडांना जोडणीसाठी ठेवलेल्या लहान पट्ट्या आजही दिसतात. भरतकाम समोरून पाहावयाचे. पट्ट्या मात्र ते कोणी, कशाच्या आधारे परिधान केले हे सांगतात. संहितेच्या वाचनातही त्यांना स्थान मिळावयास हवे.