एका मुलाभोवती तिघे जण

शाळा बुडवणारा, चोऱ्या करणारा, घरातून पळून जाणारा मुलगा. शंभर वर्षांपूर्वीच्या मुंबईत त्याची वाट ठरलेली होती: पोलीस, कोर्ट आणि मग माहीमची डेव्हिड ससून सुधारशाळा. तो असा का वागतो, हे विचारायला वेळ कुणाला होता?

१९३६ मध्ये नागपाड्यात सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क सुरू झाले. आजची टाटा सामाजिक विज्ञान संस्था ती हीच. क्लिफर्ड मॅन्शार्ट तिचे पहिले संचालक. १९३७ मध्ये संस्थेने अशा मुलांसाठी बालमार्गदर्शन केंद्र उघडले, भारतातले पहिले.

या कामाची सुरुवात शिकागोची. १९०९ मध्ये विल्यम हीली यांनी तिथे बालन्यायालयात येणाऱ्या मुलांना तपासायला घेतले. त्यातून पुढे तिघांची रीत पडली: मनोविकारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ आणि समाजकार्यकर्ता.

तिघांत घरी जाणार समाजकार्यकर्ती. एका खोलीत किती जण झोपतात, बाप दारू पितो का, मार कोण खाते, हे दवाखान्यातल्या टेबलावर कळत नाही. चहाचा कप हातात देऊन आई हळूच सांगते, तेव्हा कळते. पण तेच कागदावर उतरते, कागद डॉक्टरांपुढे जातो आणि मुलाला पाठवणारी शाळाही विचारते, “काय निघालं?” तिघांनी मिळून काम करायचे, तर माहिती एकमेकांना द्यावीच लागते. पण शाळेला किती सांगायचे, आईला विचारून की न विचारता, हा खरा पेच. आणि सगळ्यांत कमी विचारले जाते ते मुलालाच. या कामातली सर्वांत मोठी उणीव हीच आहे.

कायद्याने यातले थोडेच सावरले. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानुसार अल्पवयीनांना मनोरुग्णालयात दाखल करणे हा अपवाद. त्यांना प्रौढांपासून वेगळे ठेवायचे, आणि मुलाचा नामनिर्देशित प्रतिनिधी किंवा त्या प्रतिनिधीने नेमलेली व्यक्ती पूर्णवेळ सोबत राहायची.

२०१२ च्या पॉक्सो कायद्याने दुसरी गाठ बसली. मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचे कळले, की पोलिसांना कळवणे बंधनकारक. त्यामुळे “मी कुणाला सांगणार नाही” हे वाक्य आता समुपदेशकाला कोणत्याही मुलापुढे उच्चारता येत नाही. काही गोष्टी आपल्याला पुढे सांगाव्या लागतील, हे त्याने पहिल्याच बैठकीत, मूल बोलू लागण्याआधी, त्याला कळेल अशा शब्दांत सांगायला हवे.