अतिवृद्धांमधील कुपोषणाची चाळणी

ऐंशी वर्षांच्या पुढील व्यक्ती कुपोषित आहे किंवा कुपोषणाकडे झुकते आहे का, हे काही मिनिटांत ओळखण्यासाठी केली जाणारी प्राथमिक तपासणी. ती निदान नव्हे. कोणाची सविस्तर तपासणी करायची, एवढेच तिच्यातून ठरते.

या वयात नुसता वजनकाटा फसवतो. हृदयविकारात किंवा मूत्रपिंडाच्या विकारात अंगावर सूज आली की वजन तेवढेच दिसते, पण स्नायू झडत असतात. पाठीला बाक आल्याने उंचीही खरी मिळत नाही. मग टाचेपासून गुडघ्यापर्यंतची लांबी मोजून उंचीचा अंदाज बांधतात. रक्तातील अल्ब्युमिन या प्रथिनावर पूर्वी बरीच भिस्त असे. मात्र ते संसर्गात आणि दाहातही उतरते, त्यामुळे त्यावरून कुपोषण ठरवणे चुकीचे.

वृद्धांसाठी ‘मिनी न्यूट्रिशनल असेसमेंट’ ही प्रश्नावली विशेष प्रचलित आहे. गिगोझ, व्हेलास आणि गॅरी यांनी ती १९९४ मध्ये प्रसिद्ध केली. तिच्यात १८ प्रश्न व ३० गुण असून १७ पेक्षा कमी गुण कुपोषण दाखवतात, १७ ते २३.५ धोका. आहारातील प्रथिनांच्या प्रश्नात रोजच्या मांस-मासळीचा मुद्दा असल्याने शाकाहारी व्यक्तीला तेथे पूर्ण गुण मिळूच शकत नाहीत. भारतात वापरताना हे ध्यानात ठेवावे लागते.

२००१ मधील संक्षिप्त आवृत्तीत सहाच प्रश्न आहेत: कमी झालेले जेवण, तीन महिन्यांतील वजनघट, हिंडणे-फिरणे, अलीकडचा मानसिक ताण वा तीव्र आजार, स्मृतिभ्रंश किंवा नैराश्य, आणि उंचीच्या मानाने वजन (बीएमआय). एकूण गुण १४. २००९ च्या सुधारणेपासून १२ व त्यापुढे पोषण ठीक, ८ ते ११ धोका, ७ वा कमी म्हणजे कुपोषण. वजनघट ‘माहीत नाही’ या उत्तरालाही एक गुण आहे. ज्या घरांत आजीचे वजन कधी केलेलेच नसते, तेथे बांगड्या कोपराकडे सरकतात का, ब्लाउज ढिला झाला का, हे घरच्यांना विचारणे अधिक उपयोगी.

अंथरुणाला खिळलेल्यांसाठी २००९ च्या सुधारणेत बीएमआयऐवजी पोटरीचा घेर चालतो: ३१ सेंमीपेक्षा कमी असल्यास शून्य, अन्यथा तीन गुण. पायांवर सूज असल्यास मात्र हे मापही विश्वसनीय राहत नाही.

गुण कमी आल्यास न बसणारी कवळी, गिळताना लागणारा ठसका, भूक मारणारी औषधे, एकटे जेवणे अशी कारणे तपासतात. वृद्धाश्रमात ही चाळणी दर तीन महिन्यांनी, घरी राहणाऱ्यांची वर्षातून एकदा करण्याचा प्रघात आहे.