रकाना नसणे हीच बंदी

१/ गणवेशातील व्यक्तीची लिंगओळख बदलली, तर तिच्या नोकरीचे काय होते? २०१७ साली हा प्रश्न भारतात दोन ठिकाणी जवळजवळ एकाच वेळी उभा राहिला आणि त्याची उत्तरे परस्परविरुद्ध निघाली. हा धागा त्या दोन उत्तरांचा, आणि गडचिरोलीच्या सीमेवर सापडणाऱ्या तिसऱ्या उत्तराचा.

२/ साबी गिरी २०१० साली पुरुष म्हणून नौदलात भरती झाल्या. नेमणूक विशाखापट्टणमच्या आयएनएस एक्सिला या तळावर होती. २०१६ मध्ये रजेच्या काळात त्यांनी लिंगबदल शस्त्रक्रिया करून घेतली. ऑक्टोबर २०१७ मध्ये नौदलाने ‘सेवेची आवश्यकता नाही’ या तरतुदीखाली त्यांना सेवामुक्त केले. त्यांनी दिल्ली उच्च न्यायालयात दाद मागितली.

३/ पारलिंगी व्यक्तीस मनाई करणारे स्वतंत्र कलम येथे लागले नाही. नौसैनिकाचे पद तेव्हा केवळ पुरुषांसाठी होते. त्या पदावर महिलांची पहिली भरती २०२२ साली, अग्निवीर म्हणून झाली. साबी पुरुष राहिल्या नव्हत्या आणि स्त्री नौसैनिक हा प्रकारच अस्तित्वात नव्हता.

४/ अमेरिकेत हीच गोष्ट उघड आदेशाने घडली. जानेवारी २०२५ मध्ये राष्ट्राध्यक्षांचा आदेश निघाला आणि ६ मे रोजी सर्वोच्च न्यायालयाने, खटला चालू असतानाच, बंदीच्या अंमलास मुभा दिली. सेवेतील पारलिंगी सैनिकांपुढे स्वेच्छेने बाहेर पडणे किंवा काढले जाणे, एवढेच पर्याय उरले.

५/ आता महाराष्ट्र. बीड जिल्ह्यातील पोलीस शिपाई ललित साळवे महिला म्हणून भरती झाले होते. वैद्यकीय तपासणीत त्यांच्या शरीरात वाय गुणसूत्र आढळले. २०१७ मध्ये त्यांनी शस्त्रक्रियेसाठी रजा मागितली. ती प्रथम नाकारली गेली. अडचण भरतीच्या निकषांची होती: पुरुष शिपायास उंची १६५ सेंटिमीटर, महिलेस १५५.

६/ प्रकरण उच्च न्यायालयात गेले, तेथून ‘मॅट’कडे जाण्यास सांगण्यात आले. अखेर मे २०१८ मध्ये गृहखात्याने परवानगी दिली, मुंबईच्या सेंट जॉर्ज रुग्णालयात पहिली शस्त्रक्रिया झाली आणि साळवे पुरुष शिपाई म्हणून सेवेत राहिले.

७/ मात्र पोलीस दलात शिपायाचे दोन्ही रकाने आधीपासून होते. साळवे एकातून दुसऱ्यात गेले. ज्यांना दोन्ही रकाने लागू पडत नव्हते, त्यांना भरतीचा अर्जही भरता येत नव्हता. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली तृतीयपंथीयांच्या ओळखीस मान्यता दिली होती, तरीही. डिसेंबर २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने राज्य सरकारला अर्जात तिसरा पर्याय देण्यास आणि शारीरिक चाचणीचे नियम करण्यास भाग पाडले.

८/ गडचिरोलीला लागून असलेल्या बस्तरात तोवर एक पाऊल पुढे पडले होते. ऑगस्ट २०२२ मध्ये छत्तीसगडच्या ‘बस्तर फायटर्स’ या नक्षलविरोधी दलात नऊ तृतीयपंथी उमेदवारांची निवड झाली. त्यांतील बहुतेक गडचिरोलीच्या शेजारच्या कांकेर जिल्ह्यातील होते.

९/ या दलामागची कल्पना गडचिरोलीला परिचित आहे. १९९० साली येथे उभारलेले सी-६० पथक स्थानिक तरुणांचे होते, कारण जंगलाच्या वाटा आणि गोंडी-माडिया बोली त्यांना ठाऊक होत्या. ‘जवान कसा असावा’ याचे निकष गरजेनुसार बदलतात, हे या जंगलाने फार पूर्वी पाहिले आहे.

१०/ म्हणून बंदीचा इतिहास केवळ आदेशांत शोधून भागत नाही. भरतीचा अर्ज, उंचीचा तक्ता आणि पदाची व्याख्या हीदेखील त्याची साधने आहेत. साबी गिरी यांची सात वर्षांची सेवा अशाच एका न छापलेल्या रकान्यापाशी संपली.