सर्च इंजिन काही पानांना ‘कमी मूल्याची’ का ठरवतं? वडीगोद्रीच्या उदाहरणातून समजून घ्या

जालना जिल्ह्यातल्या अंबड तालुक्यात, धुळे-सोलापूर राष्ट्रीय महामार्गावर वडीगोद्री हे गाव आहे. जून २०२४ मध्ये या गावाचं नाव राज्यभरातले लोक अचानक मोबाईलवर शोधू लागले. ओबीसी आरक्षणाला धक्का लागू नये, या मागणीसाठी लक्ष्मण हाके आणि नवनाथ वाघमारे यांनी १३ जूनपासून इथे उपोषण सुरू केलं होतं. २२ जूनला ते स्थगित झालं. जवळच्याच अंतरवाली सराटीत मनोज जरांगे पाटील यांचं मराठा आरक्षणासाठीचं आंदोलन त्याआधीपासून गाजत होतं.

गुगलवर महाराष्ट्रातल्या अशा एखाद्या गावाचं नाव टाकलं की साधारण दोन प्रकारची पानं समोर येतात. एक म्हणजे बातम्या. दुसरी म्हणजे गावाचं नाव, तालुका, जिल्हा, पिन कोड, जवळची शहरं आणि २०११ च्या जनगणनेतली लोकसंख्या सांगणारी पानं. ही दुसऱ्या प्रकारची पानं एकाच साच्यातून निघालेली असतात. वडीगोद्रीच्या जागी शहागड लिहा, महाकाळा लिहा किंवा सुखापुरी लिहा, चार आकडे बदला, की नवं पान तयार! महाराष्ट्रात ४० हजारांहून अधिक गावं आहेत. म्हणजे एका संगणकाला एका रात्रीत ४० हजार पानं बनवता येतात.

सर्च इंजिन ज्यांना ‘कमी मूल्याची’ मानतं, ती पानं साधारण अशीच असतात. पण हे ठरतं कसं? आणि खरी, उपयोगी माहिती असलेलं पानही कधीकधी मागे का पडतं?

‘कमी मूल्य’ म्हणजे नेमकं काय?

आधी एक गोंधळ दूर करू. ‘लो व्हॅल्यू कंटेंट’ हे शब्द अनेकांनी पहिल्यांदा वाचलेले असतात ते गुगल ॲडसेन्सच्या नकाराच्या मेलमध्ये. वेबसाईटवर जाहिराती लावण्यासाठी अर्ज केला आणि मजकूर पुरेसा उपयोगी वाटला नाही, तर हे कारण दिलं जातं. मराठी वेबसाईटना ॲडसेन्सचे दरवाजे २०१८ मध्ये उघडले, तेव्हापासून हा शब्दप्रयोग मराठीतही रुळला.

शोधाच्या निकालांचं काम मात्र वेगळं चालतं. तिथे कुठल्या पानावर ‘कमी मूल्य’ असा शिक्का बसत नाही. अनेक यंत्रणा एकाच वेळी पान जोखतात आणि त्यावरून त्याचा क्रम ठरतो. पण त्या सगळ्यांमागचा प्रश्न एका वाक्यात सांगता येतो: हे पान उद्या नाहीसं झालं, तर वाचकाचं काही बिघडेल का?

उत्तर ‘नाही’ असेल, तर ते पान मागे जातं.

पान शोधात येतं कसं?

याच्या तीन पायऱ्या आहेत.

पहिली, क्रॉलिंग. सर्च इंजिनचा प्रोग्राम एका लिंकवरून दुसऱ्या लिंकवर जात नवी पानं शोधतो. ज्या पानाकडे कुणीच लिंक दिलेली नाही, ते त्याला सापडायला वेळ लागतो.

दुसरी, इंडेक्सिंग. सापडलेलं पान वाचून त्याची नोंद केली जाते. पण प्रत्येक पानाची नोंद होतेच असं नाही. वेबसाईट चालवणाऱ्यांना गुगलच्या सर्च कन्सोलमध्ये ‘क्रॉल्ड – करंटली नॉट इंडेक्स्ड’ असा शेरा दिसतो. त्याचा अर्थ, पान पाहिलं, पण सध्या नोंदवहीत घेतलेलं नाही. कारणं अनेक असू शकतात, आणि तसाच मजकूर आधीच नोंदवलेला असणं हे त्यातलं एक.

तिसरी, क्रम लावणं. तुम्ही शब्द टाइप केला की नोंदवहीतून जुळणारी पानं काढून त्यांचा क्रम लावला जातो. लॅरी पेज आणि सर्गे ब्रिन यांनी १९९८ मध्ये गुगल सुरू केलं, तेव्हा त्यांचा मुख्य आधार होता ‘पेजरँक’. एका पानाने दुसऱ्याला दिलेली लिंक म्हणजे एक मत, आणि वजनदार पानाचं मत जास्त वजनाचं. आज त्यात इतर अनेक निकषांची भर पडली आहे.

कोणती पानं मागे पडतात?

*साच्यातली पानं.* वर सांगितलेली गावांची पानं याचं ठळक उदाहरण. वडीगोद्रीबद्दल माणसाला खरोखर काय जाणून घ्यायचं असतं? आठवडी बाजार कोणत्या वारी भरतो? एसटी फाट्यावर थांबते की गावात येते? जायकवाडीच्या डाव्या कालव्याचं पुढचं आवर्तन कधी? जनगणनेच्या तक्त्यातून यातलं एकही उत्तर मिळत नाही. तक्ता खोटा नसतो, पण तोच तक्ता पन्नास ठिकाणी आहे आणि मूळ तक्ता जनगणना कार्यालयाकडेच आहे.

*डोअरवे पानं.* ‘वडीगोद्रीतील सर्वोत्तम डॉक्टर’, ‘शहागडमधील सर्वोत्तम डॉक्टर’ अशी गावागणिक पानं बनवायची आणि आत गेल्यावर सगळीकडे एकच फोन नंबर किंवा एकच फॉर्म. शोधणाऱ्याला दारातून ओढून भलतीकडे नेणारी ही पानं गुगलच्या स्पॅम नियमांत बसतात.

*उचललेला मजकूर.* दुसऱ्याची बातमी चार शब्द बदलून आपल्या पानावर टाकणं. एकच मजकूर अनेक ठिकाणी दिसला, की सर्च इंजिन त्यातलं एक पान मूळ मानून पुढे ठेवतं. बाकीची सहसा दिसतच नाहीत.

*मथळ्यात एक, आत दुसरंच.* ‘लाडक्या बहिणींची यादी जाहीर, इथे नाव पहा’ असा मथळा असतो. आत यादी नसते. योजनेचा इतिहास, मग जाहिरात, मग पुन्हा इतिहास आणि शेवटी ‘आमच्या ग्रुपमध्ये सामील व्हा’. जून २०२४ मध्ये जाहीर झालेल्या या योजनेत दरमहा १,५०० रुपये मिळतात, त्यामुळे शोधणाऱ्यांची संख्या प्रचंड होती आणि अशा पानांचं पीकही त्याच वेगाने आलं.

इथे प्रश्न फक्त वेळ वाया जाण्याचा नाही. आधार क्रमांक आणि बँक खात्याची माहिती हातात घेऊन बसलेल्या बाईने चुकीच्या पानावर फॉर्म भरला, तर तिचं थेट नुकसान होतं. म्हणूनच पैसा, आरोग्य, कायदा असे विषय गुगल ‘युवर मनी ऑर युवर लाइफ’ या गटात धरतं आणि तिथे विश्वासार्हतेची कसोटी जास्त कडक लावतं.

हे नियम आले कुठून?

२०१० च्या सुमाराला अमेरिकेत ‘कंटेंट फार्म’ जोरात होते. लोक काय शोधतात ते पाहायचं आणि त्यावर झटपट, स्वस्त लेख पाडायचे. गुगलने फेब्रुवारी २०११ मध्ये ‘पांडा’ हा बदल आणला. त्याचा परिणाम अमेरिकेतल्या सुमारे १२ टक्के शोधांवर झाला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये तो बहुतेक भाषांना लागू झाला.

तेव्हा गुगल सर्चची धुरा सांभाळणारे अमित सिंघल यांनी २०११ च्या मे महिन्यात वेबसाईटवाल्यांसाठी २३ प्रश्नांची यादी दिली. या पानावरच्या माहितीवर तुम्ही विश्वास ठेवाल का, लेख विषय जाणणाऱ्याने लिहिला आहे का, असा त्याचा सूर होता. आजही हे प्रश्न उपयोगी पडतात.

पुढे ऑगस्ट २०२२ मध्ये ‘हेल्पफुल कंटेंट’ ही यंत्रणा इंग्रजीसाठी आली आणि डिसेंबरपासून सगळ्या भाषांसाठी. मार्च २०२४ मध्ये ती मुख्य यंत्रणेतच मिसळली. त्याच वेळी आणखी एक स्पष्ट नियम आला: शोधाचे निकाल फिरवण्यासाठी घाऊक पानं काढणं म्हणजे स्पॅम. मग ती माणसाने लिहिलेली असोत, एआयने किंवा दोघांनी मिळून.

पानं माणसं तपासतात का?

हो, पण तुम्हाला वाटतं तशी नाही. गुगलचे जगभरात हजारो ‘क्वालिटी रेटर’ आहेत. ते नमुन्यादाखल पानं पाहून त्यांना ‘लोएस्ट’ ते ‘हायेस्ट’ असे दर्जे देतात. त्यांनी दिलेल्या गुणांमुळे एखादं पान थेट वर-खाली होत नाही. यंत्रणा बरोबर काम करते का, हे तपासायला ते गुण वापरले जातात.

रेटरांच्या मार्गदर्शिकेत डिसेंबर २०२२ मध्ये एक शब्द वाढला: ‘अनुभव’. त्याआधी तज्ज्ञता, अधिकार आणि विश्वासार्हता हे तीन निकष होते. आता लिहिणाऱ्याने ती गोष्ट स्वतः पाहिली, वापरली किंवा भोगली आहे का, हाही प्रश्न विचारला जातो. गावातून लिहिणाऱ्यासाठी ही मोठी गोष्ट आहे. वडीगोद्रीच्या फाट्यावर उभं राहून लिहिणाऱ्याकडे जे आहे, ते पुण्या-मुंबईत बसून तक्ता उतरवणाऱ्याकडे नाही.

मराठी पानांची वेगळी अडचण काय?

मराठीत प्रश्न फक्त वाईट पानांचा नाही. चांगली माहिती सर्च इंजिनला वाचताच येत नाही, ही त्याहून मोठी अडचण आहे.

युनिकोड रुळण्याआधी मराठी वर्तमानपत्रांच्या साईट स्वतःचे फॉन्ट वापरत. ‘आमचा फॉन्ट डाउनलोड करा’ ही सूचना जुन्या वाचकांना आठवत असेल. त्या पानांवर डोळ्यांना मराठी दिसायचं, पण आत साठवलेली असायची रोमन अक्षरं आणि चिन्हं. सर्च इंजिनच्या लेखी तो अर्थहीन मजकूर होता. त्या काळातला बराच मजकूर त्यामुळे शोधात कधी आलाच नाही.

आज फॉन्टची जागा फोटोने घेतली आहे. ग्रामसभेची सूचना फळ्यावर लागते, तिचा फोटो व्हॉट्सॲपवर फिरतो. आदेश स्कॅन करून पीडीएफमध्ये टाकला जातो. फोटोतली अक्षरं ओळखायची सोय सर्च इंजिनकडे आहे, पण वाकड्या, पुसट मराठी स्कॅनवर तिचा भरवसा नाही. आणि व्हॉट्सॲप ग्रुप तर त्याला दिसतच नाही.

त्यात नावाचा घोळ. वडीगोद्री रोमन लिपीत कुणी डब्ल्यूने लिहितं, कुणी व्हीने, कुणी दोन शब्द करून. एका स्पेलिंगने लिहिलेलं पान दुसऱ्या स्पेलिंगने शोधणाऱ्याला मिळेलच असं नाही.

म्हणजे गावाकडची खरी माहिती फोटोत आणि ग्रुपमध्ये अडकलेली, आणि उघड्या इंटरनेटवर तिच्या जागी साच्यातली पानं. सर्च इंजिनने ती कितीही मागे ढकलली, तरी त्यांच्या पुढे ठेवायला दुसरं काही हवं ना? ते नसेल, तर हीच पानं पहिल्या क्रमांकावर येतात. वाईट पान पहिलं दिसलं म्हणजे ते चांगलं ठरत नाही. कधीकधी त्याच्यासमोर उमेदवारच नसतो.

यंत्रणा चुकते का?

चुकते. सप्टेंबर २०२३ च्या बदलानंतर अनेक छोट्या, स्वतंत्र साईटचे वाचक एकदम घटले. स्वतः प्रवास करून, वस्तू वापरून लिहिणाऱ्यांनीही तक्रार केली की आमची पानं गाळात गेली. ऑगस्ट २०२४ चा बदल आणताना या प्रतिक्रिया विचारात घेतल्याचं गुगलने सांगितलं, तरी सगळ्यांचे वाचक परतले नाहीत.

उलट बाजूही आहे. मोठ्या, जुन्या साईटवरचं त्रोटक पान त्या साईटच्या वजनावर वर येऊ शकतं. मराठी विकिपीडियावर गावांचे असे अनेक लेख आहेत, ज्यांत हवामानाचा परिच्छेद जवळपास सारखाच आहे. तरी गावाचं नाव शोधलं की ते वर दिसतात. त्यातली चांगली गोष्ट ही, की ते लेख कुणालाही सुधारता येतात.

चार गैरसमज

• *लेख लांब असला की वर येतो.* शब्दसंख्येची अट नाही. बाजाराचा वार एका ओळीतही सांगता येतो.

• *एआयने लिहिलं की शिक्षा होते.* फेब्रुवारी २०२३ मध्ये गुगलने सांगितलं, की मजकूर कसा तयार झाला यापेक्षा त्याचा दर्जा महत्त्वाचा. घाऊक निकस मजकूर मात्र चालत नाही.

• *जाहिरातीला पैसे दिले की क्रम सुधारतो.* जाहिराती वेगळ्या दिसतात. खालच्या निकालांचा क्रम विकत मिळत नाही.

• *मागे पडलेलं पान खोटं असतं.* तसं नाही. ते नवं असेल, लिंक नसलेलं असेल किंवा स्कॅन केलेलं असेल.

मग पानाचं मूल्य वाढतं कशाने?

लिहिणाऱ्याने स्वतःला तीन प्रश्न विचारावेत. या पानावर असं काय आहे, जे दुसरीकडे नाही? ते मला कसं कळलं, हे वाचकाला दिसतं का? आणि मथळ्यात विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर आत आहे का? सूचना फोटोत असेल, तर फोटोखाली तीच टाइप करून टाका. तारीख आणि गावाचं पूर्ण नाव, तालुका-जिल्ह्यासह, लिहा. माहिती बदलली तर पान बदला.

वाचक म्हणून तुम्हीही एवढं पाहा: पान कुणाचं आहे, तारीख कोणती आहे आणि सरकारी योजना असेल तर पत्त्यात ‘जीओव्ही डॉट इन’ आहे का. नसेल, तर तिथे आधार क्रमांक टाकू नका.

वडीगोद्रीचं नाव जून २०२४ मध्ये दहा दिवस सगळीकडे होतं. त्या बातम्या आज मोठ्या साईटवर सहज सापडतात. पण एसटी कुठे थांबते आणि बाजार कधी भरतो, हे गावातल्या प्रत्येकाला तोंडपाठ असलं, तरी बाहेरच्याला ते पानावर वाचता यायला हवं. ते लिहायला महामार्गावरच्या फाट्यावर उभं असलेलं, मोबाईल हातात असलेलं कुणीही पुरे आहे.