बातमी वाचायला शिकवणारी बुलढाण्याची ताराबाई



आमच्या गटांमधल्या बायकांच्या मुली आता बारावीनंतर तऱ्हेतऱ्हेचे विषय घेतात. त्यातला एक नवा विषय म्हणजे माध्यमांचा अभ्यास. आयांना त्याचं नवल वाटतं. पेपर तर आम्हीही वाचतो, टीव्ही तर सगळं घर बघतं, मग त्यात कॉलेजात जाऊन शिकायचं काय, असं त्या विचारतात. प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर द्यायला आम्ही आज व्याख्या सांगणार नाही. एका बाईनं वर्तमानपत्र कसं वाचलं, तेवढं सांगणार आहोत. ती कुठल्या कॉलेजात गेली नव्हती. पण या विषयाची पहिली पायरी कुठं असते, हे तिच्याकडून चांगलं शिकता येतं. गोष्ट दीडशे वर्षांच्या आसपास जुनी आहे.

बाळशास्त्री जांभेकरांनी १८३२ साली ‘दर्पण’ सुरू केलं आणि मराठी वर्तमानपत्राचा जन्म झाला. पुढच्या पन्नास वर्षांत मुंबई-पुण्यात छापखाने वाढले, पत्रं वाढली. १८८१ च्या जानेवारीत ‘केसरी’ निघाला. सुधारणा हवी म्हणणारी पत्रं होती, जुनं तेच सोनं म्हणणारीही होती. टपालानं ती लांबच्या गावांत पोचत. पण लिहिणारे, छापणारे आणि वाचणारे बहुतेक पुरुषच. बायका त्या पत्रांत भरपूर होत्या, पण चर्चेचा विषय म्हणून. त्यांनी शिकावं का, विधवांनी पुन्हा लग्न करावं का, यावर रकानेच्या रकाने भरत. विचारलं मात्र कुणी नव्हतं.

अशा काळात, १८८१ साली, सुरतेच्या न्यायालयात एक खटला उभा राहिला. विजयालक्ष्मी नावाची एक तरुण ब्राह्मण विधवा. तिला दिवस गेले होते. लोक काय म्हणतील या धास्तीनं तिनं जन्मलेलं मूल मारलं, असा आरोप होता. न्यायालयानं तिला फाशीची शिक्षा दिली. अपिलात फाशी रद्द होऊन जन्मठेप, म्हणजे त्या काळचं काळं पाणी झालं, आणि शेवटी ती शिक्षा पाच वर्षांवर आली.

खटल्याची चर्चा सगळ्या मुंबई इलाख्यात झाली. ‘पुणे वैभव’ नावाचं एक जुन्या मताचं पत्र होतं. त्यात या प्रकरणाच्या निमित्तानं लेख आला आणि त्याचा रोख एकट्या विजयालक्ष्मीवर नव्हता. हल्लीच्या बायकाच बिघडल्या, असा त्याचा सूर होता.

हे लिखाण वऱ्हाडात बुलढाण्याला ताराबाई शिंदे यांनी वाचलं. त्यांचे वडील बापूजी हरी शिंदे सरकारी कचेरीत नोकरीला होते आणि सत्यशोधक समाजाचे सभासद होते. त्यांनी मुलीला घरीच शिकवलं. ताराबाई मराठा घराण्यातल्या, म्हणजे गोषातल्या. सुरत त्यांनी पाहिली असेल असं वाटत नाही. पण बातमी वाचून त्या गप्प बसल्या नाहीत. त्यांनी एक निबंध लिहिला, ‘स्त्रीपुरुष तुलना’. १८८२ साली पुण्याच्या श्री शिवाजी छापखान्यात त्याच्या पाचशे प्रती निघाल्या. किंमत नऊ आणे. हे आपलं पहिलंच लिहिणं आहे, असं त्यांनी सुरुवातीलाच सांगून टाकलं. म्हणजे त्याही एका अर्थानं विद्यार्थिनीच होत्या.

आता त्यांनी केलं काय, ते नीट पाहू. त्यांनी नियम म्हणून काही मांडून ठेवलेलं नाही. पण निबंध वाचताना चार प्रश्न दिसतात. ते आम्ही आपल्या सोयीसाठी वेगळे काढले आहेत.

पहिला प्रश्न: घटना किती आणि निकाल किती जणींवर? खटला एका बाईचा होता. लेखात ती सगळ्या बायकांची जात झाली. एखाद्या पुरुषानं खून केला तर पेपरात त्याचं नाव येतं, सगळे पुरुष खुनी असतात असं कुणी लिहीत नाही. मग बाईच्या बाबतीत एकीवरून सगळ्यांचं माप का काढायचं? पुरुषांचे दोष बाजूला ठेवून सगळं खापर बायकांच्या माथी मारतात, हा या निबंधामागचा संतापच आहे.

दुसरा प्रश्न: या बातमीत कोण नाही? मूल काही एकट्या बाईला होत नाही. त्या मुलाचा बाप कुठं होता?  आणखीही एक गोष्ट गायब होती. विधवेनं पुन्हा लग्न करण्याला कायद्यानं १८५६ सालीच मान्यता दिली होती. पण उच्च म्हणवणाऱ्या जातींत ते होऊ देत नव्हते. ज्या रूढीनं त्या मुलीची वाट अडवली, ती रूढी आरोपीच्या पिंजऱ्यात कधी उभी राहिलीच नाही. ताराबाईंनी तिला उभं केलं. पुरुषानं बायको मेल्यावर लगेच दुसरी आणावी, आणि बाईनं मात्र जन्मभर कोपऱ्यात बसावं, हा न्याय कुठला, हे त्यांनी रोखठोक विचारलं.

तिसरा प्रश्न: शब्द कोणते वापरले? निबंधाच्या लांबलचक नावात त्या म्हणतात की स्त्रिया आणि पुरुष यांच्यात साहसी कोण, हे दाखवायला हा निबंध आहे. आज आपण साहस म्हणजे शौर्य समजतो. त्या काळी या शब्दाला अविचार, बेधडक दुष्कृत्य असाही अर्थ होता, आणि तो बायकांना चिकटवला जाई. बाई साहसी, बाई कपटी, बाई अविचारी. ताराबाई हे शब्द एकेक करून घेतात आणि पुरुषांच्या वागण्याशेजारी ठेवतात. लाच कोण खातं, जुगार कोण खेळतं, दुसऱ्याचं घर कोण बुडवतं? हिशेबाच्या वहीत जमा आणि खर्च समोरासमोर मांडतो, तशी ही मांडणी आहे. ‘तुलना’ हे नाव म्हणूनच ठेवलं.

चौथा प्रश्न: ही कल्पना आली कुठून? लेख लिहिणाऱ्यानं बाई वाईट हे ठरवलं, ते एका दिवसात नाही. ताराबाई त्याच्याही मागं जातात. ‘मुक्तामाला’, ‘मंजुघोषा’ या त्या वेळच्या गाजलेल्या कादंबऱ्या, बायकांच्या लबाडीच्या गोष्टी सांगणारी पुस्तकं, नाटकं आणि पुराणंसुद्धा त्या तपासतात. नवरा हाच देव म्हणून बाईला सांगतात, मग नवऱ्यानं देवासारखं वागायला नको का? सावित्री नवऱ्यासाठी यमाच्या मागं गेली, मग बायकोसाठी असा एखादा नवरा गेल्याचं कुणी ऐकलंय का? म्हणजे बातमी, कादंबरी, नाटक आणि पोथी या सगळ्यांत एकच चित्र फिरतंय, हे त्यांनी ओळखलं. आजच्या विद्यार्थिनीला कॉलेजात हेच शिकवतात. मालिका, जाहिरात आणि बातमी वेगवेगळी दिसली तरी त्यातली बाई एकाच साच्यातून निघालेली असते का, हे बघायचं.

पुढं काय झालं? पुस्तकावर टीका झाली. १८८५ मध्ये जोतीराव फुल्यांनी ‘सत्सार’च्या दुसऱ्या अंकात ताराबाईंची बाजू घेतली. पण ताराबाईंचं दुसरं पुस्तक आपल्यापर्यंत आलेलं नाही. पाचशे प्रती कुठं विरल्या, कळलं नाही. १९७५ साली स. गं. मालशे यांनी ते पुस्तक पुन्हा छापलं, तेव्हा ते लोकांसमोर आलं. मधे त्र्याण्णव वर्षं गेली. आपल्या आज्या-पणज्यांना हे पुस्तक वाचायला मिळालं असतं तर काय झालं असतं, हा विचार मनात येतोच. माध्यमांचा अभ्यास करताना काय छापलं याबरोबर काय टिकलं आणि काय विसरलं गेलं, हेही पाहावं लागतं, ते यासाठी.

ताराबाईंनी बाहेर उभं राहून उत्तर दिलं. थोड्याच वर्षांत मुंबईत एका बाईनं वर्तमानपत्राच्या आत शिरून लिहिलं. रखमाबाईंचं लग्न अकराव्या वर्षी झालं होतं. मोठं झाल्यावर त्यांनी नवऱ्याकडं नांदायला जायला नकार दिला, आणि १८८४ मध्ये नवऱ्यानं न्यायालयात दावा लावला. १८८५ मध्ये ‘टाइम्स ऑफ इंडिया’त ‘एक हिंदू स्त्री’ अशा सहीनं बालविवाहाविरुद्ध पत्रं आली. ती रखमाबाईंचीच होती. ‘केसरी’नं त्यांच्या विरोधात बाजू घेतली. १८८७ मध्ये नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा, असा आदेश झाला. त्या तुरुंगाला तयार झाल्या. शेवटी १८८८ मध्ये पैशांवर तडजोड होऊन दावा मिटला. पुढं त्या लंडनला शिकून डॉक्टर झाल्या आणि ज्या सुरतेत विजयालक्ष्मीला फाशी सुनावली, तिथंच त्यांनी बायकांच्या दवाखान्यात बरीच वर्षं काम केलं.

यातून पाचवा प्रश्न मिळतो: पत्र कुणाचं आहे? रखमाबाईंना इंग्रजी पत्रात जागा मिळाली, ती मोठी गोष्ट. पण दुसऱ्याच्या ओसरीवर किती दिवस बसणार? कृष्णराव भालेकरांनी १८७७ मध्ये ‘दीनबंधु’ काढला, तो कष्टकरी बहुजनांचं म्हणणं मांडायला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्याच ‘दीनबंधु’चं संपादन पतीच्या निधनानंतर तानुबाई बिर्जे यांनी केलं. वर्तमानपत्र चालवणाऱ्या पहिल्या महिला संपादक म्हणून त्यांचं नाव घेतलं जातं. ३१ जानेवारी १९२० ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘मूकनायक’ सुरू केला. त्याची जाहिरात, तीसुद्धा पैसे देऊन, छापायला ‘केसरी’नं नकार दिला होता. ज्याचा छापखाना, त्याच्या हातात दार. दार कुणासाठी उघडतं आणि कुणासाठी बंद होतं, हे बघितल्याशिवाय अभ्यास पुरा होत नाही.

म्हणून आपल्या या रेडिओकडंही त्याच नजरेनं बघायला हवं. १९९५ साली सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की हवेतल्या लहरी ही जनतेची मालमत्ता आहे. २००६ मध्ये स्वयंसेवी संस्थांना सामुदायिक रेडिओ काढायची परवानगी मिळाली. २००८ मध्ये तेलंगणात दलित शेतकरी बायकांनी चालवलेला संगम रेडिओ सुरू झाला. आपल्या साताऱ्यात म्हसवडला माणदेशी तरंग वाहिनीही सुरू झाली. पण आपल्या केंद्राला स्वतःच्या बातम्या देण्याची मुभा नाही, आकाशवाणीच्या बातम्या तेवढ्या जशाच्या तशा ऐकवता येतात. म्हणजे दार उघडलं आहे, पण अर्धं. हेही विद्यार्थिनींनी नोंदवून ठेवावं.

आता कामाचं बोलू. ज्या मुलींना हा विषय घ्यायचा आहे, त्यांनी मोठ्या पुस्तकाची वाट बघू नये. बचत गटांच्या मेळाव्याची एखादी बातमी कापून घ्यावी. अशी बातमी बहुतेक वेळा कशी असते? पाहुण्यांची सात-आठ नावं हुद्द्यांसकट, त्यांचा फोटो, त्यांनी काय मार्गदर्शन केलं ते, आणि शेवटी एक ओळ: महिला मोठ्या संख्येनं उपस्थित होत्या. बातमीतली नावं मोजा. त्यात बायका किती, ते मोजा. कर्ज कुणी घेतलं, कुणी फेडलं, पापड किती विकले गेले आणि हातात काय उरलं, यातलं काही आलंय का बघा. ‘महिलांना सक्षम केले’ असं लिहिलं असेल तर केलं कुणी, ते विचारा. ही बातमी कुणी पाठवली, पत्रकारानं लिहिली की आयोजकानं टाइप करून दिली, त्याचीही चौकशी करा. शेजारच्या रकान्यात कुणाची जाहिरात आहे, तेही बघा.

एक सावधगिरी बाळगावी. अभ्यास म्हणजे पेपरला नावं ठेवणं नव्हे. सुरतेची गोष्ट बुलढाण्याला पोचली ती वर्तमानपत्रामुळंच, आणि रखमाबाईंचं पत्रही वर्तमानपत्रानंच छापलं. वाचायचं सोडायचं नाही, पारखून वाचायचं. आपण बाजारात तांदूळ घेताना मूठभर हातावर घेऊन बघतोच ना, तसं.

विजयालक्ष्मीबद्दल इतकं लिहिलं गेलं, पण त्या सगळ्या चर्चेत तिचं स्वतःचं म्हणणं कुणी विचारलं नाही. तिची शिक्षा दोनदा कमी झाली. तिच्या निमित्तानं बायकांच्या जातीला दिलेला निकाल मात्र अजून अधूनमधून छापून येतो, फक्त नाव आणि गाव बदलतं. या आठवड्यात गटाच्या बैठकीला येताना प्रत्येकीनं बाईबद्दलची एक बातमी आणायची आहे. जिला वाचता येत नाही तिनं टीव्हीवर ऐकलेली सांगावी. मुलींना सोबत आणा. हे पाच प्रश्न आपण एकत्र विचारू, आणि निघालेली उत्तरं पुढच्या कार्यक्रमात याच रेडिओवर, त्या त्या बाईच्या नावानिशी आणि तिच्याच आवाजात ऐकवू.