ट्राउटमान, बर्ट
(२२ ऑक्टोबर १९२३ – १९ जुलै २०१३). इंग्लंडमध्ये कीर्ती मिळविलेला जर्मन फुटबॉल गोलरक्षक. जन्म ब्रेमेन येथे. दुसऱ्या महायुद्धात युद्धकैदी म्हणून इंग्लंडात आला व सुटकेनंतर तेथेच राहिला. १९४९ मध्ये मँचेस्टर सिटीने त्याला संघात घेताच या माजी जर्मन छत्रीसैनिकाविरुद्ध निदर्शने झाली. नाझी जर्मनी सोडून आलेले ज्यू धर्मगुरू अलेक्झांडर आल्टमान यांनी मात्र एका माणसाला साऱ्या देशाच्या अपराधाची शिक्षा देऊ नये, असे जाहीर आवाहन केले. त्या काळात हे धैर्य असामान्यच होते. १९५६ च्या एफए कप अंतिम सामन्यात बर्मिंगहॅम सिटीविरुद्ध मान मोडलेली असतानाही तो अखेरची १७ मिनिटे खेळला. मँचेस्टर सिटी ३–१ अशी विजयी झाली. परदेशी क्लबांतील खेळाडू तेव्हा निवडले जात नसल्याने पश्चिम जर्मनीकडून तो कधीच खेळू शकला नाही.