ह्यूगोवर पोस्ट आणि पेज कसं काढायचं? एका ओळीपायी अडते सूचना

गावाची किंवा पाणीवापर संस्थेची वेबसाइट हलकी ठेवायची असेल तर ह्यूगो हे फुकटातलं साधन कामाचं आहे. 2013 साली स्टीव्ह फ्रान्सिया यांनी ते सुरू केलं. पानं आधीच तयार करून ठेवली जातात, डेटाबेस लागत नाही. त्यामुळे रेंज कमी असली तरी पान लवकर उघडतं. अँड्रॉइड मोबाइलवर टर्मक्स अ‍ॅपमध्ये 'पीकेजी इन्स्टॉल ह्यूगो' टाइप केलं की ते बसतं. साइट आणि थीम मात्र एकदा जाणकाराकडून लावून घ्यावी, थीमशिवाय पान कोरंच दिसतं.

पोस्ट म्हणजे तारखेची गोष्ट : पाण्याची पाळी, ग्रामसभा. साइटच्या फोल्डरमध्ये जाऊन 'ह्यूगो न्यू कंटेंट पोस्ट्स/पाणी.एमडी' असा हुकूम द्यायचा, इंग्रजी अक्षरांत. पेज म्हणजे कायमची माहिती, जसं शाळेची वेळ किंवा संपर्क. तिथं 'पोस्ट्स/' गाळायचं, बस्स.

तयार झालेल्या फाइलीत वरती तारीख, शीर्षक आणि 'ड्राफ्ट = ट्रू' असं आपोआप येतं. खाली मजकूर मराठीत लिहायचा. खरी गोची इथंच होते. 'ह्यूगो सर्व्हर -डी' (हा डी कॅपिटलच) दिल्यावर ब्राउझरमध्ये लोकलहोस्ट:1313 वर कच्ची पोस्टही दिसते. लिहिणाऱ्याला वाटतं, काम झालं. पण 'ट्रू'चं 'फॉल्स' केलं नाही तर नुसत्या 'ह्यूगो' हुकमाने ती पोस्ट बनतच नाही. पाळी उद्याची असली तर शेतकरी बिचारा वाट बघत बसतो.

दुसरा घोळ वेळेचा. तारीख आणि वेळ हाताने लिहिली आणि पुढे '+05:30' जोडलं नाही, तर ह्यूगो ती जागतिक वेळ धरतो. सकाळी 10 लिहिलं की आपल्याकडचे दुपारचे साडेतीन होतात. तोवर ती पुढची तारीख समजून पोस्ट वगळली जाते. नंतरही आपोआप येत नाही, 'ह्यूगो' पुन्हा चालवावं लागतं. सेटिंगच्या फाइलीत टाइमझोन 'एशिया/कोलकाता' केला की ही कटकट मिटते.

शेवटी 'पब्लिक' नावाच्या फोल्डरमध्ये तयार पानं येतात, तीच होस्टिंगवर चढवायची. चढवल्यावर दुसऱ्याच्या मोबाइलवर साइट उघडून बघावी.